दारी आलेले वसतिगृह

आमच्या वसाहतीच्या पश्चिम अंगास एक मोकळी जागा आहे. तिला आम्ही सारे 'मैदान' म्हणतो, आणि गेली चाळीस वर्षे ती आपलीच आहे अशा समजुतीने वागत आलो आहोत. मुलांचे क्रिकेट तेथे, गणपतीचा मांडव तेथे, कोणाच्या घरी कार्य निघाले तर पंगतीही तेथेच. कोपऱ्यात एक जुनी चिंच असून दुपारच्या वेळी भाजीवाल्या तिच्या सावलीत पाट्या उतरवून घटकाभर विसावतात. ही जागा वस्तुतः पलीकडच्या रस्त्यावरील एका महाविद्यालयाच्या मालकीची आहे, हे सर्वांस ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे निराळे आणि ध्यानात असणे निराळे. गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास दोन माणसे फीत घेऊन आली, चार कोपऱ्यांवर चुन्याच्या खुणा करून गेली, आणि आठवडाभरात तेथे फलक उभा राहिला. विद्यार्थी वसतिगृहाची नियोजित जागा. तळमजल्यासह चार मजले. दोनशे चाळीस मुलांची सोय. फलक कानडीत व इंग्रजीत होता. तो मराठीत का नाही, हा पहिला आक्षेप तेथल्या तेथे निघाला. बाकीचे मागाहून आले.

बेळगाव हे विद्यार्थ्यांचे गाव आहे, ही गोष्ट आम्ही पाहुण्यांस अभिमानाने सांगत असतो. लिंगराज महाविद्यालय १९३३ सालचे, राणी पार्वतीदेवी १९४५ सालचे. १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्य ठाणे येथे झाले. गावाच्या बाजारपेठेचा, खानावळींचा, झेरॉक्सच्या दुकानांचा आणि खोल्यांच्या भाड्याचा मोठा भाग या मुलांवर चालतो. तरीही ती मुले राहावयास आमच्या दारात येणार म्हटल्याबरोबर आम्हां सर्वांस एकाएकी शांततेची महती आठवली.

मारुतीच्या देवळातील सभागृहात बैठक भरली. इतकी उपस्थिती आम्ही रामनवमीलाही पाहिली नव्हती. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ अध्यक्षस्थानी होते. त्यांनी प्रत्येकास बोलू दिले, आणि प्रत्येकजण बोलला. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येते, त्यात ही दोनशे चाळीस तोंडे. गल्ली अठरा फुटांची, तीत मोटारसायकली. खानावळीचा खरकटवाडा कोठे टाकणार? रात्रीचा धांगडधिंगा कोण आवरणार? आणि मग, थोडा आवाज उतरवून, मुलींचा विषय निघाला. "पोरींनी संध्याकाळचं अंगणात यायचं की नाही ओ?" असे एका काकूंनी विचारले. त्यावर मागच्या रांगेत बसलेली त्यांचीच नात म्हणाली, "आज्जी, अंगणात आता तरी कोण येतंय? सगळी मोबाईल घेऊन आत बसलेली असतात." सभा हसली, पण काकूंची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, आणि कोणी ती नेलीही नाही.

अखेरीस महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाकडे व महापालिकेकडे हरकतीचा अर्ज द्यावा असे ठरले, आणि तो लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. गावात मराठीचा मास्तर असणे याचा अर्थ लग्नपत्रिकांपासून शोकसंदेशापर्यंत सर्वांचे शब्द पुरविणे असाच होतो. त्यात हे एक. आम्ही त्या रात्री बसून दोन पाने लिहिली. 'स्थानिक रहिवाशांच्या स्वास्थ्यास बाधा', 'सांस्कृतिक वातावरणाचा ऱ्हास', 'अनोळखी व अनियंत्रित तरुणवर्ग' असे शब्द लेखणीतून झरझर उतरले. लेख बरा साधला असे वाटून तो आम्ही घरात वाचून दाखविला. सौभाग्यवतींनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "अहो, कोल्हापुरात तुम्ही चौघं राहात होता, ती खोली कुणाच्या दारात होती?"

एवढेच त्या बोलल्या आणि दूध तापवावयास आत गेल्या.

ती खोली मंगळवार पेठेत होती. शिवाजी विद्यापीठात एम. ए. करीत असताना बेळगाव भागातील आम्ही चौघे एका जुन्या घराच्या माडीवर राहात असू. घरमालकीणबाई दोन वेळच्या भाकऱ्या करून देत; कोरड्यास आमचे आम्ही शिजवीत असू. त्या बाईंविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण आज आठवण आली ती त्यांची नव्हे. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात एक वृद्ध जोडपे राहात असे. परीक्षा संपली त्या रात्री आम्ही चौघे दोन वाजेपर्यंत गात होतो. डबे बडवीत होतो म्हटले तरी चालेल. तो म्हातारा गृहस्थ एकदा खाली येऊन उभा राहिला, वर पाहून काही न बोलता परत गेला. सकाळी कळले की त्याची पत्नी आठ दिवस अंथरुणाला खिळून होती. आम्ही क्षमा मागावयास गेलो. त्याने दार उघडले, आमचे ऐकून घेतले आणि दार लावले. पुढे वर्षभर तो आम्हांस जिन्यात भेटे, पण आमच्याशी एक शब्दही बोलला नाही.

म्हणजे 'अनियंत्रित तरुणवर्ग' या शब्दांत आम्ही स्वतःही होतो. आणि त्या म्हाताऱ्याने जर अर्ज लिहिला असता तर त्यातील एकही शब्द खोटा ठरला नसता. अर्ज आम्ही फाडला नाही. टेबलाच्या खणात ठेवला.

ज्या कोल्हापुरात आम्ही राहिलो तेथे वसतिगृह या गोष्टीला एक इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. पुढे १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग व १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. एकेका समाजाने पुढे यावे, महाराजांनी जागा व उत्पन्न द्यावे, अशी ही रीत. खेड्यातल्या मुलास शाळेची फी माफ करून भागत नाही. त्याला रात्री पाठ टेकावयास जागा आणि दोन वेळा अन्न हवे, हे त्या राजाने ओळखले होते. त्यापूर्वी गरीब मुलाने शिकावे कसे? वार लावून जेवावे, माधुकरी मागावी, कोणाच्या ओसरीवर निजावे. आणि ही सोयही ठराविक जातीच्या मुलांनाच. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले ते या माधुकरीच्या जगातूनच.

कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभास ते हजर राहिले, परत आल्यावर सोवळ्यासाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातून त्यांना बाहेर काढण्यात आले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात सांगतात. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवतात हे पाहून त्या काळी आजूबाजूच्या घरांत काय बोलणी झाली असतील, याची कल्पना आमच्या बैठकीवरून करता आली.

मात्र इतिहासाचा दाखला देऊन शेजाऱ्याचे तोंड बंद करणे फार सोपे असते. शाहू महाराजांचे नाव घेतल्याने नळाला पाणी येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे आपल्याकडे शहरी वापराचे सर्वमान्य प्रमाण आहे. दोनशे चाळीस मुलांना त्या हिशेबाने ३२,४०० लिटर लागतील. म्हणजे पाच हजार लिटरचे रोज साडेसहा टँकर. बेळगावला राकसकोप जलाशयाचे व हिडकलचे पाणी येते. पण २०२३ साली पावसाने ओढ दिली तेव्हा आमच्या गल्लीतील बायका रात्री बारा वाजता घागरी घेऊन उभ्या होत्या, हे आम्ही पाहिले आहे. जुन्या घरांच्या परसात विहिरी आहेत म्हणून निभावले. मैदानात कूपनलिका खोल मारली आणि रोज एवढा उपसा केला तर आमच्या विहिरींचे काय होईल, हा प्रश्न कोणत्याही अर्थाने संकुचित नव्हता.

छपरावरील पावसाचाही हिशेब करून पाहिला. आठशे चौरस मीटरचे छप्पर धरले, वर्षाचा पाऊस १,२०० मिलिमीटर धरला आणि वीस टक्के वाया गेला असे मानले, तर ७ लाख ६८ हजार लिटर पाणी जमते. ऐकावयास आकडा मोठा वाटतो; वसतिगृहाची गरज त्यातून जेमतेम चोवीस दिवस भागते. म्हणजे ते पाणी साठवून पुरणारे नाही, परंतु जमिनीत मुरविले तर विहिरींस उपयोगी पडेल. याच गावात १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा येणाऱ्या पाहुण्यांसाठी टिळकवाडीच्या माळावर विहीर खणण्यात आली. ती आजही 'काँग्रेस विहीर' म्हणून उभी आहे. पाहुणे बोलवावयाचे तर पाण्याची तजवीज यजमानाने करावयाची, एवढे तरी त्या विहिरीवरून महाविद्यालयास सांगता येण्यासारखे होते.

आता एक अवघड गोष्ट लिहावयाची आहे. बैठकीत ज्यांचा आवाज सर्वांत मोठा होता त्यांतील तिघांच्या घरी माडीवर विद्यार्थी भाड्याने राहतात. वसतिगृह झाले तर त्या खोल्या ओस पडतील, ही धास्ती कोणी बोलून दाखविली नाही. ती धास्ती आम्ही हीन मानीत नाही. निवृत्तिवेतन नसलेल्या घरात ते भाडे म्हणजे औषधपाणी असते. तरीपण आमच्या शाळेतून पुढे गेलेला एक मुलगा यांपैकी एका घरात राहतो असे कळले म्हणून त्यास भेटावयास आम्ही गेलो. दहा बाय बाराच्या खोलीत चार खाटा. अकरा मुलांना मिळून एक न्हाणीघर. जिन्याखाली गॅसचा सिलिंडर, आणि त्यावरून वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी. जिना एकच. सुरतेस २४ मे २०१९ रोजी एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शिकवणीच्या वर्गात आग लागून २२ विद्यार्थी गेले. दिल्लीत २७ जुलै २०२४ रोजी तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरून तिघे बुडाले. त्या जिन्याखाली उभे असताना आम्हांस या दोन्ही बातम्या आठवल्या. तो मुलगा मात्र हसतमुखाने म्हणाला, "सर, चहा घेणार? दूध संपलंय, काळा चालेल का?" आम्ही काळा चहा घेतला.

वसतिगृह झाले नाही तर ही मुले नाहीशी होणार नव्हती. ती अशाच माड्यांवर राहणार होती. तेथे पाहणी नाही, अधीक्षक नाही, आग लागली तर दुसरी वाट नाही. आणि पाणी तर ती आजही आमच्याच नळाचे वापरीत होती.

बैठकीत जो विषय कुजबुजीने निघाला तो भाषेचा. येणारी मुले कानडी, तेलुगू, मल्याळी, हिंदी बोलणारी असतील. आधीच आमच्या मराठी शाळांची पटसंख्या घटते आहे, त्यात वसाहतीचा रंग पालटेल, असे काहींचे म्हणणे. या विषयावर आम्हांस बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे वाटते, कारण आमच्या शाळेच्या पटावरील आकडे दर जूनमध्ये आम्हीच लिहितो. ते का उतरतात हे आम्हांस ठाऊक आहे. आमच्याच वसाहतीतील मुले इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत चढताना आम्ही रोज पाहतो. त्या गाडीत त्यांना कोणा मल्याळी विद्यार्थ्याने बसविलेले नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही एक लहानसा प्रश्न विचारला: ज्यांची मुले-मुली शिक्षणासाठी किंवा नोकरीच्या सुरुवातीला परगावी राहात आहेत त्यांनी हात वर करावा. पुणे, बंगळूर, हुबळी, एक हैदराबादेस. बसलेल्या चोवीस घरांपैकी पंधरा हात वर झाले. अध्यक्षांचाही झाला, त्यांची नात पुण्यात कर्वेनगरला सहा मुलींबरोबर एका सदनिकेत राहते आणि त्या इमारतीच्या मंडळींनी 'बाहेरच्या मुलींना' रात्री नऊनंतर फाटक उघडायचे नाही असा ठराव केला म्हणून हेच गृहस्थ मागल्या महिन्यात संतापाने पुण्यास जाऊन भांडून आले होते. ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही हे आधी विचारायला हवं होतं." आम्हांस ते बोलणे लागले, कारण खरे होते. आधी आम्ही अर्ज लिहिला होता.

असे तंटे केवळ आपल्याकडे आहेत असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली येथे विद्यापीठाने १९६७ साली घेतलेल्या एका जागेवर सुमारे अकराशे विद्यार्थ्यांसाठी घरे बांधावयाची होती. शेजाऱ्यांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील अपील न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या गोंगाटाचाही पर्यावरणाच्या दृष्टीने विचार व्हावयास हवा होता असा निर्णय दिला. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून तो मुद्दा काढून टाकला, आणि जून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला. गोंगाट म्हणजे प्रदूषण आणि म्हणून विद्यार्थी म्हणजे प्रदूषण, येथवर त्या लोकांची मजल गेली होती. आमचा पहिला अर्ज त्याच वाटेवर होता. आमच्याकडे वकील नव्हता इतकेच.

नवा अर्ज आम्ही एका पानात लिहिला. 'ऱ्हास' वगैरे शब्द गेले. मागण्या पाच राहिल्या: मुख्य फाटक मोठ्या रस्त्याच्या बाजूने असावे, गल्लीत उघडू नये, कूपनलिकेवर विसंबू नये, जमिनीखाली पाण्याची टाकी बांधावी आणि छपराचे पाणी मुरवावे, खानावळीच्या ओल्या कचऱ्याची व्यवस्था आवारातच व्हावी, अधीक्षकाचे निवासस्थान इमारतीत असावे, आणि चिंच तोडू नये. अधीक्षकाची मागणी नवीन नव्हती. रॅगिंगविरोधी २००९ च्या नियमांप्रमाणे वसतिगृहास पूर्णवेळ अधीक्षक असावाच लागतो व त्याच्याशी केव्हाही संपर्क साधता यावा लागतो. रात्री दहानंतरच्या आवाजाविषयीही एक ओळ घातली. ती लिहिताना मंगळवार पेठेतील जिना डोळ्यांपुढे होता. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावू नये हा नियम आमच्या गणपतीच्या मांडवासही लागू आहे, याकडे बैठकीत कोणी लक्ष वेधले नाही. आम्हीही वेधले नाही, हे कबूल करतो.

महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आम्हां पाच जणांस भेटीस बोलाविले. भेट सौजन्याची झाली, पण सर्व गोष्टी मान्य झाल्या असे नव्हे. टाकी व पाणी मुरविण्याचे खड्डे आराखड्यात घालतो असे त्यांनी लेखी दिले. अधीक्षकाची खोली तळमजल्यावर दाखविली. चिंचेसाठी आवाराची भिंत सहा फूट आत घेतली; येथे अध्यक्षांनी चक्क प्राचार्यांचा हात हातात घेतला. कचऱ्याविषयी 'पाहू' असे उत्तर मिळाले. आम्ही सरकारी नोकर असल्याने या शब्दाची किंमत जाणतो. फाटकाबाबत मात्र नकार आला. मोठ्या रस्त्याच्या बाजूस उतार असल्याने अग्निशामक गाडीस वळण मिळत नाही, असे त्यांच्या अभियंत्याचे म्हणणे. आमच्यापैकी एकाने तेथे जाऊन पावलांनी अंतर मोजले आणि वळण मिळते असे त्याचे म्हणणे. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

माडीवर मुले ठेवणाऱ्या तिघांपैकी एकाने खोलीतील दोन खाटा कमी केल्या आहेत व सिलिंडर जिन्याखालून हलविला आहे. बाकी दोघांनी आमच्याशी बोलणे कमी केले आहे. सायंकाळी देवळात भेट झाली तर नमस्कार होतो.

या महिन्यात पाया भरून जोते वर आले. गणपतीचा मांडव यंदा देवळासमोर, अठरा फुटांच्या गल्लीत घालावा लागला आणि त्यामुळे वाहने अडली, ती कोणाही विद्यार्थ्याची नव्हती. क्रिकेटवाली मुले शाळेच्या पटांगणात येऊ लागली आहेत. रविवारी फाटकाची किल्ली आम्ही त्यांच्याकडे देतो. अंगणाची काळजी करणाऱ्या काकूंनी परवा आम्हांस थांबवून विचारले, वसतिगृहाच्या खानावळीत भाकऱ्या करावयास बायका लागतील काय, आणि लागल्या तर शेकड्याला काय देतील. चौकशी करून सांगतो असे आम्ही म्हटले आहे. फाटकासंबंधीची पुढली भेट दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी ठरली असून अभियंत्यानेही फीत घेऊन यावे असे आम्ही कळविले आहे.